पहिली चूळ

पोहऱ्यातलं पाणी अंगठ्यावरून ओघळतं आणि मनगट ओलांडून कोपरापर्यंत जातं. त्या गार रेघेनं आधी हात जागा होतो, मग माणूस. माझी सकाळ उभ्या आयुष्यात तिथूनच सुरू होत आली. चैत्रात विहिरीच्या तळातून वर आलेलं पाणी ओंजळीत धरावं, तर पहिल्यांदा येतो तो ओल्या दगडाचा वास. मग ओठांना गारवा लागतो. आणि मग ती पहिली चूळ तोंडात घोळवत राहिलं की हळूच मागून, जिभेच्या मुळाशी, एक गोडवा उमटतो. तो साखरेचा नव्हे, गुळाचा तर नव्हेच. शाळूचं हुरड्यातलं कोवळं कणीस दाताखाली धरल्यावर जो येतो, नेमका तसला. ही पहिली चूळ मी कधी गिळत नाही, थुंकून टाकतो. गिळायची ती दुसरी. पहिली चूळ पाण्याची चौकशी करायला असते आणि दुसरी आपल्या तहानेला. हा नेम मला माझ्या चुलत्यानं घालून दिला आणि मी तो जन्मात एकदाच मोडला. तो कसा मोडला, तेच सांगायला बसलोय.

मी पाणाड्या. जमिनीच्या पोटात पाणी कुठं आहे ते सांगणारा. शाळा चौथीपर्यंतची, गुरुजी मारकुटे होते आणि मी हट्टी होतो, तेव्हा पाचवीचा वर्ग मी पाहिलाच नाही. पुढं जी काही भाषा अंगी लागली ती नृसिंहवाडीच्या देवळात बसून पोथी ऐकताना, आणि चष्मा लागल्यावर स्वतः वाचताना. पण पाण्याची अक्षरं मला पोथीच्या अक्षरांआधी लागली होती. तळहातावर नारळ आडवा ठेवून मी रान चालायचो आणि पाणी असेल तिथं नारळ उभा राहायचा. शिकलेली माणसं ह्याला हसतात. हसू देत. तुम्ही जवळचे म्हणून तुम्हाला खरं सांगतो, नारळ उभा राहायच्या आधीच मला पाणी कळलेलं असायचं. वारूळ कुठं आहे, उंबर कुठल्या अंगाला कललाय, उन्हाळ्यात कुठल्या बांधावरचं गवत शेवटी वाळतंय, हे सगळं डोळ्यानं आधीच वाचलेलं असायचं. नारळ हा शेतमालकाच्या समाधानाला. आणि पाणी लागलं की मग जिभेचा मान. पहिली चूळ मी घ्यायचो, सगळे माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचे, आणि मी मान हलवल्याशिवाय त्या विहिरीचं पाणी कुणाच्या घरात जायचं नाही.

किती पाण्यांची किती रूपं सांगू! शिरोळकडच्या काळ्या रानातलं पाणी मचूळ. उसाला पाजून पाजून जमीन खारवली आणि तो खार विहिरीत उतरला. मलकापूरला माझी बहीण दिलीय, तिथलं पाणी तांबड्या दगडातून झिरपलेलं, असं हलकं की जेवून हात धुवावा आणि तासाभरात पुन्हा भूक लागावी. वाडीला संगमावर दोन नद्यांची भेट होते, ती डोळ्यांना कधीमधीच दिसते, जिभेला मात्र बारमाही कळते. तरुणपणी तिथं एकदा पैज लागली होती. दस्तगीरनं स्वतःच्या पटक्यानं माझे डोळे बांधले आणि दोन तांबे पुढं केले. कृष्णा कुठली आणि पंचगंगा कुठली ते मी न चुकता सांगितलं. तेव्हा तो घाटावर सगळ्यांसमोर ओरडला होता, "आप्पा, तुझी ही जीभ न्हाय, सातबारा हाय! कुठलं पाणी कुणाच्या नावावर ते सगळं लिवलंय तिच्यावर!"

दस्तगीर म्हणजे माझा जोडीदार. पाणी मी दाखवायचं आणि खडक त्यानं फोडायचा. सुरुंगाचं भोक कुठं घ्यायचं, दगड कुठल्या रेषेवर फुटेल, हे त्याच्याइतकं कुणाला कळायचं नाही. आमच्या आळीची विहीर आम्हा दोघांची. गावाच्या वरच्या अंगाला, माळाच्या उतारावर, सगळे म्हणत होते इथं धोंड्याशिवाय काही नाही, तिथं मी पाय रोवून उभा राहिलो. दस्तगीरनं मुरूम काढला, खडक फोडला आणि एका दुपारी तळातून बोटाएवढी धार उसळली. मी पहिली चूळ घेतली, थुंकली, दुसरी गिळली आणि वर बघून मान हलवली. कठडा बांधताना त्यानं कुणाकडून तरी खडूनं लिहून घेतलेल्या अक्षरांवरून एका घडीव दगडावर माझं नाव कोरलं. स्वतःचं कोरलं नाही. म्हणाला, "फोडणाऱ्याचं नाव दगडाला आपसूक ठावं असतंय."

महापुरात जेव्हा नदीकाठची पाणीयोजना बुडाली, नळ मुके झाले आणि खालचं निम्मं गाव पाण्यात उभं राहिलं, तेव्हा घागरी-कळश्या घेऊन माणसं ह्याच विहिरीवर आली. ज्या घराशी आमचं बांधावरून बोलणं नव्हतं, त्या घरची म्हातारीसुद्धा आली आणि कठड्यावरचं नाव वाचून "बरं झालं बाबा" म्हणून गेली. पुढं नळ पुन्हा सुरू झाले तरी आळीनं पिण्याची घागर विहिरीवरच ठेवली. डाळ ह्या पाण्यात मेणासारखी शिजते, साबणाला फेस येतो, चहाला रंग चढतो. पाण्याला आणखी कसल्या दाखल्याची गरज असते? मला तरी तेव्हा तसंच वाटत होतं.

आता त्या माळाचं सांगतो. जिथं शेरडं चरायची, तिथं पत्र्याच्या शेडा उभ्या राहिल्या. एक झाली, चार झाल्या, मग मी मोजायचं सोडलं. काही ठिकाणी लोखंड ओततात, काही ठिकाणी त्याला चकाकी आणतात. माझा मुलगा अशाच एका चकाकीच्या शेडीत कामाला आहे. लोखंडाचा काळा तुकडा तो कुठल्याशा पाण्यात बुडवतो आणि आरशासारखा करून बाहेर काढतो. मी एकदा बघून आलो आणि चकित झालो. घरात त्याच्या पगारानंच चूल पेटते, हेही सांगून टाकतो. उगीच कुणावर दात धरून मी लिहितोय असं कुणाला वाटू नये.

ह्या सगळ्याची सुरुवात केली माझ्या सुनेनं, वैशालीनं. गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण मिळालं, त्यातली ती एक. नवऱ्याचे कामावरचे कपडे ती वेगळे धुते. एकदा धुणं पिळताना दगडावरून जे पाणी वाहिलं ते पिवळं होतं, आणि ती त्याच्याकडं बघत बसली. मग माझ्याकडं आली. पदर खोचलेला, हात ओलेच.

"मामा, ह्या पाण्याचा रंग आन् शेडांमागच्या ओढ्याचा रंग एकच हाय."

"आसंल. ओढा तिकडं, आपली विहीर हिकडं."

"मग त्या ओढ्याचं पाणी जातंय कुठं?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हसलो असतो. पण ज्यानं हयात पाणी कुठून कुठं जातं हे सांगण्यात घालवली, त्यालाच हा सवाल! उत्तर मला ठाऊक होतं. उतार आमच्याकडं, खाली मुरूम, मुरमाखाली भेगांचा खडक. त्याच भेगांनी तर मला धार दिली होती. उत्तर ठाऊक होतं म्हणूनच मी चिडलो. म्हणालो, "ह्या विहिरीवर माझं नाव हाय. रोज सकाळी मी चूळ घेतो. बिघडलं असतं तर मला कळलं नसतं व्हय?" तिनं वाद घातला नाही. आपली तपासणीची पेटी काढली, काचेच्या नळीत विहिरीचं पाणी घेतलं, त्यात थेंब टाकले, कागदाच्या पट्ट्या बुडवल्या. सगळे रंग बरोबर आले. मी ते रंग आळीभर सांगत फिरलो. दोन दिवसांनी तिनं सांगितलं की तिला जे बघायचंय ते ह्या पेटीत दिसतच नाही. शेडीत वापरतात तो धातू आहे, त्याला मोठ्या प्रयोगशाळेत बाटली पाठवावी लागते.

"आन् चव?" मी विचारलं.

"चव न्हाय त्येला, मामा. वास बी न्हाय. थोडा असला तर रंग सुदिक न्हाय."

चव नाही, वास नाही, रंग नाही, आणि तरीही आहे! पोथीत परब्रह्माचं वर्णन असंच येतं. देवाबद्दल ते मी मुकाट ऐकून घेतलं होतं. विषाबद्दल ऐकून घ्यायला मन तयार होईना. मुलगा जेवता जेवता एवढंच म्हणाला, "तपासा काय तपासायचं ते, फकस्त माझं नाव कुठं घालू नगासा." आणि त्यानं आमटीत भाकरी कुस्करली. वैशालीनं त्या दिवसापासून घरातली घागर खालच्या नळावरून भरून आणायला सुरुवात केली. आळीलाही तिनं तसंच सांगितलं. आळीनं माझ्याकडं बघितलं. मी माझा तांब्या विहिरीतच बुडवला, आणि आळीनं आपल्या घागरीही.

मग ती बाटली आली. पांढरी प्लास्टिकची, हिरव्या झाकणाची, वर इंग्रजीत चिठ्ठी. वैशालीनं ती देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली आणि मला बजावलं, "मामा, हिला हात लावू नगासा. सकाळी धारा काढून आले की मी भरते." का लावायचा नाही ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोघांचाही ताठा. सकाळी ती गोठ्यात होती तेव्हा मी बाटली उजेडात धरून पाहिली. तळाशी कसलंसं चमचाभर पाणी हलत होतं. झाकण काढलं तर नाकात झणका गेला. मला वाटलं, कुणाचं तरी उरलंसुरलं राहिलंय आत. विचार करा, आमच्या विहिरीची परीक्षा व्हायची आणि ती अशा उष्ट्या भांड्यात!

आमच्याकडं पाण्याचं भांडं घासल्याशिवाय भरत नाहीत. पाहुण्याला तांब्या द्यायचा तरी तो आधी विसळून द्यायचा. माझा तांब्याचा तांब्या तर मी रोज स्वतः घासतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तेव्हा मी काय केलं असेल ते ओळखायला अवघड नाही. आतलं पाणी मोरीत ओतलं; अंगठ्यावर सांडलं, जरा चुरचुरलं, मी धोतराला पुसलं. मग बंबातली राख घेतली, भिजवलेली चिंच घेतली, काडीला काथ्या गुंडाळला आणि ती बाटली आतून बाहेरून अशी घासली की तिला जणू वरातीत मिरवायचंय. तीनदा विसळली. पालथी घालून निथळवली. विहिरीवर नेऊन गळ्यापर्यंत भरली, झाकण घट्ट केलं आणि कोनाड्यात परत ठेवली. वैशाली आल्यावर म्हणालो, "मी भरून ठेवलीया, तुला कशाला तरास." बाटली धुतली हे सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. भांडं घासलं हे का कुणी सांगत बसतं? तिनं माझ्याकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं. बाटल्या न्यायला आलेली गाडी दारात उभी होती. बाटली गेली.

दुसऱ्या दिवशी अंगठ्यावर पिवळा डाग दिसला. पाण्यानं जाईना, साबणानं जाईना, राखेनं जाईना. कपड्यांच्या पाण्यासारखाच पिवळा. जेवताना वैशाली भाकरी वाढायला वाकली, तिची नजर अंगठ्यावर थांबली आणि पुढं गेली. मी हात ताटाखाली घेतला.

पुढच्या आठवड्यात कागद आला. नमुना तपासण्याजोगा नाही, बाटलीत घालून दिलेलं औषध त्यात नाही आणि तळाला राख आहे, पुन्हा पाठवावा. खरं सांगू? पहिल्यांदा मला आत कुठंतरी बरं वाटलं. निकाल टळला होता. मग पंचायतीत बैठक भरली आणि ते बरं वाटणं किती स्वस्त होतं ते मला कळलं. उपसरपंच उठले आणि सगळ्यांसमोर वैशालीला म्हणाले, "शिकवून उपेग काय तुम्हाला? बाटली भराय येत न्हाय आन् निघालाय विहिरी बंद कराय! हे काम आता दुसऱ्या कुणाला तरी द्या." कुणी हसलं. कुणी म्हणालं, "चहाची बरणी समजली आसंल." वैशाली उभी होती, डोक्यावरचा पदर सारखा करत. एवढंच म्हणाली, "चूक झाली. दुसरी बाटली मागवते." मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. माझा अंगठा धोतराच्या निऱ्यांत होता, आणि माझी ती सातबारा जीभ टाळूला चिकटली होती.

का बोललो नाही? ह्याचं उत्तर मी स्वतःला किती दिवस देत होतो! म्हणत होतो, बायकामाणसाचं काय, विसरून जातील. म्हणत होतो, घरातली गोष्ट घरातच बरी. सगळं खोटं. ज्याच्या मान हलवण्यावर गाव पाणी पितं, त्याला बाटलीतल्या चमचाभर औषधानं येडा ठरवलं, हे लोकांना कळू नये एवढंच खरं. दस्तगीर मात्र खडक फोडणारा माणूस, त्याला भेग बरोबर दिसते. पारावर शेजारी बसला आणि माझा हात ओढून बघत म्हणाला, "ह्यो डाग कशाचा रं?"

"हळदीचा."

"हळद? आठ दिस? मग ती हळद कुठं मिळती ते सांग, नातीच्या लग्नाला मागवतो."

मी हात सोडवून घेतला. तो पटका सारखा करून उठून गेला आणि त्यामुळंच मला जास्त लागलं.

त्यानंतरची एक सकाळ. मी विहिरीवर गेलो तेव्हा आळीतल्या पाच-सहा बायका पाणी ओढत होत्या. वैशाली खालच्या नळावरची घागर घेऊन वर चढत होती, चढ मोठा, घागर डोईवर. कठड्याजवळून जाताना एकीनं टोमणा मारला, "अगं, हितलं घे की! का हितं बी बाटली आडवी येती?" सगळ्या हसल्या. त्यांच्या घागरी मात्र भरत होत्या. माझ्या नावाच्या दगडावर घागरी टेकवून त्या भरत होत्या. मी पोहरा ओढला, ओंजळ केली, पहिली चूळ घेतली. दगडाचा वास तोच. गारवा तोच. जिभेच्या मुळाशी तोच कोवळ्या कणसाचा गोडवा उमटला, आणि त्या गोडव्याची मला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. कारण वैशालीचं म्हणणं खरं असलं तर ते पाणी अगदी असंच लागणार होतं. खोटं असलं तरी असंच. माझी जीभ दोन्ही वेळेला मानच हलवणार होती! मग ती इतकी वर्षं नक्की कशाची साक्ष देत होती?

मी चूळ थुंकली आणि बोललो. मोठ्यानं बोललो, आमच्याकडं हळू बोललेलं खरं धरत नाहीत.

"बाटली तिनं बिघडवली न्हाय. मी बिघडवली. राखंनं आन् चिंचंनं घासून धुतली, आतलं औषध मोरीत ओतलं. ह्यो बघा डाग." आणि अंगठा वर करून उभा राहिलो, शाळेत गुरुजींनी उभं केल्यासारखा.

दोर हातात धरलेल्या बायका तशाच थांबल्या. पारावरून दस्तगीर उठून आला, त्यानं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघून म्हणाला, "आरं मर्दा, बाटली तपासाय धाडलीस का नांदाय? कुंकू तरी लावायचं राहिलं म्हणायचं!" हशा असा उठला की कठड्यावरचे पारवे उडाले. मीही हसलो. हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते कुठल्या विहिरीचं ते मला विचारू नका.

वैशालीनं घागर खाली ठेवली. तिच्या तोंडावर राग नव्हता, हसूही नव्हतं. "तुमचा अंगठा मी दुसऱ्याच दिशी बघितला हुता, मामा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलताय का, ते बघत हुते."

त्याच दिवशी मी पंचायतीत जाऊन उपसरपंचांसमोर पुन्हा तेच सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. वैशालीचं काम वैशालीकडं राहिलं. दुसरी बाटली आली तेव्हा पोहरा मी ओढला आणि बाटली तिनं भरली. तळाचं ते चमचाभर औषध सांडू नये म्हणून ती धार इतकी बारीक धरत होती, की देवावर अभिषेकाची धार धरावी तशी. ते औषध म्हणजे एक तेजाब, माझा अंगठाही त्यानंच पिवळा झाला; त्यानं पाण्यातला धातू पाण्यातच विरघळलेला राहतो, बाटलीच्या अंगाला चिकटून लपत नाही, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. मी आधीच विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं. आळीत त्या दिवसापासून कुणी विहिरीवर पिण्याची घागर आणली नाही. कुणी सक्ती केली नव्हती. मी माझा तांब्या पालथा घालून ठेवला होता, तेवढं पुरलं.

निकाल आला. धातू आहे, आणि असायला हवा त्यापेक्षा जास्त आहे. सोबत धाडलेल्या खालच्या नळाच्या बाटलीत मात्र काही निघालं नाही. कागद वैशालीनं वाचला, मग मी चष्मा लावून वाचला, मग दस्तगीरनं माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. शेडा पुष्कळ आहेत. ओढ्यात सोडलेलं पाणी नेमकं कुठल्या शेडीचं, ते अजून ठरायचंय. साहेब लोक येऊन जातात, ओढ्यातलं पाणी बाटल्यांत भरून नेतात, शेडांचे दरवाजे वाजवतात. माझा मुलगा अजून तिथंच कामाला जातो. पण परवा त्यानं स्वतः होऊन बायकोला सांगितलं की त्यांच्या शेडीतलं धुण्याचं पाणी कुठल्या पाइपानं बाहेर जातं. नाव घालू नका म्हणणारा मुलगा! काय होईल ते होईल. लढाई तिची आहे, ती लढेल. पोहरा ओढायला मी आहे.

माझ्या वाट्याला एक काम होतं, ते मी दुसऱ्याला दिलं नाही. लाल रंगाचा डबा आणि ब्रश आणला. दस्तगीर डबा धरून उभा राहिला. कठड्यावरच्या माझ्या नावाकडं बघत म्हणाला, "नावावरनं फासतोस, का खाली लिवतोस?"

"खाली," मी म्हणालो. "नाव वाचूनच माणसं पीत हुती. आता नाव वाचूनच थांबू देत."

चौथीतल्या अक्षरांत मी लिहिलं: हे पाणी पिऊ नये. 'ऊ' जरा वाकडा झाला. दस्तगीरला वाचता येत नाही, पण त्यानं मान डोलवली, जशी मी पाण्यावर डोलवायचो.

अजूनही मी सकाळी विहिरीवर जातो. पोहरा ओढतो, परसातल्या झाडांनाही ते पाणी घालू नको असं वैशालीनं बजावलंय म्हणून पुन्हा आतच सोडतो. उगीचच. अंगठ्यावरून कोपरापर्यंत गार रेघ उतरते आणि हात जागा होतो. अंगठ्याची पिवळी कातडी आता सोलून गेलीय, खालून नवी आलीय. पाणी दिसायला तसंच आहे, स्वच्छ, तळातला दगड दाखवणारं. ओंजळ भरून मी वासही घेतो. तोंडाला लावत नाही.

घरी येतो तेव्हा वैशालीनं तांब्या भरून ओट्यावर ठेवलेला असतो. खालच्या नळाचं पाणी. त्याला औषधाचा वास मारतो, चवीला ते धड गोड नाही, धड मचूळ नाही. जिभेला त्यात वाचण्यासारखं काही नाही. पहिल्या दिवशी मी तांब्या उचलला आणि सवयीनं चूळ तोंडात धरून अंगणाच्या कडेला गेलो. तिथं थांबलो. जीभ दातांमागं चौकशी करू लागली होती. दारात वैशाली उभी होती, हातात तिची ती पेटी, दुसऱ्या आळीला निघालेली. तोंडात पाणी, बोलता येईना. मी नुसतीच तिच्याकडं बघून भुवई उंचावली. तिला कळलं.

"व्हय मामा," ती म्हणाली. "कालच तपासलंय."

मी पहिली चूळ गिळली.